जसं ऐकलं तसं

कोर्टाच्या व्हरांड्यात पंख्याखाली पंचफुलाबाईंचा डोळा लागत होता. शेजारची सून मीरा जळून मेली, त्या खटल्यात त्यांची साक्ष होती. "काही ऐकलं नाही म्हणा, झालं," असं मीराच्या सासऱ्यानं सकाळीच बजावलं होतं. बाकावर शेजारी काळ्या कोटातल्या दोन मुली सरकारी वकिलाच्या परीक्षेचा अभ्यासक्रम उघडून बसल्या होत्या. गुंगीत त्यांचं बोलणं पाण्याखालून आल्यासारखं येत होतं.

"निलोफर, आता पुराव्याचा कायदा घेऊ."

"अगं, नव्या कायद्यात कलमांचे सगळे आकडे बदललेत. मला स्वप्नात अजून जुनेच येतात."

"माझ्या स्वप्नात मी 'सरकारतर्फे' म्हणून उभी राहते, आणि पुढचं आठवतच नाही."

"मग हे पाठ कर. मृत्युपूर्व जबाब. एखादी मरताना काही बोलली, तर ते कोर्टात चालतं."

"ती मेल्यावर सांगणार कोण?"

"येडे, जिनं ऐकलं ती."

"आणि ती गप्प बसली तर?"

"मग मेलेली काही बोललीच नव्हती, असं धरायचं. चल, पुढचा मुद्दा."

पंचफुलाबाईंनी डोळे उघडले.

"पोरी, जसंच्या तसं सांगावं लागतं का गं?"

"हो मावशी, होईल तेवढं तिच्याच शब्दांत. तुमच्याही घरी कुणी परीक्षेला बसलंय का?"

आतून शिपायानं पुकारा केला.

"पंचफुला किसन डाखोरे, हाजीर!"

त्या उठल्या, पदर सारखा केला आणि दाराकडे जाताना ओठातल्या ओठात म्हणत राहिल्या, "काकू, कडी बाहेरून लावली होती... काकू, कडी बाहेरून लावली होती..."