नऊ नंबरची काच

(कोंबडीच्या मांसाच्या कारखान्यातली मॅनेजरची केबिन. टेबलावर पाहुण्यांसाठी बांधायच्या नव्या हॉलचा नकाशा.)

मामा: पाहुण्यांनी लघवीला जायचं तर अख्खा कारखाना ओलांडायचा? हा नकाशा आहे की सूड?

भाची: इथल्या कामगार बायका रोज ओलांडतातच की.

मामा: अगं, साहेबांना देखणा हॉल हवाय. शाळांच्या सहली येणार, दुकानदार येणार. भाची आर्किटेक्ट आहे म्हणून मी शब्द टाकला, आणि तू माझंच नाक कापतेस? कारंजं सांगितलं होतं, ते कुठंय?

भाची: आहे ना. मागे रक्ताचं सांडपाणी साठतं, त्या तळ्याला लागून.

मामा: शाबास! आणि हॉलच्या मधोमध ही चौकट कसली?

भाची: एका कोंबडीच्या वाट्याची जागा. रजेच्या अर्जाचा कागद असतो ना, तेवढी. जन्मभर तेवढीच. पाहुण्यांनी त्यात उभं राहून बघावं.

मामा: लोकांना स्वस्त मांस हवंय. मी काय करू?

भाची: स्वस्त? संडासला जावं लागू नये म्हणून मामी आठ-आठ तास पाण्याचा थेंब न घेता कोंबड्या कापत राहिली. दोन्ही मूत्रपिंडं गेली तिची! ते छापलंय कुठल्या पाकिटावर?

मामा: हळू बोल. बाहेर ऐकू जाईल.

भाची: जाऊ दे! एक खिडकी नाही ठेवलीत तुम्ही लोकांनी या भिंतींना.

मामा: हे बघून साहेब मला उद्याच घरी बसवतील. तिचं औषधपाणी याच नोकरीवर चाललंय, बाई.

भाची: म्हणून तर तुला विचारल्याशिवाय नकाशा साहेबांकडे पाठवला नाही. तू सही केलीस तरच जाईल.

मामा: निदान ही कोंबड्या कापायच्या सरकत्या पट्ट्यासमोरची मोठी काच तरी हलव.

भाची: ती नाही हलणार.

मामा: नऊ नंबरची जागा आहे ती. तुझी मामी तिथेच उभी राहायची.

भाची: माहितीये.

मामा: नाही माहीत तुला. लघवीला जायची परवानगी मीच द्यायचो. त्या दिवशी तिनं दोनदा हात वर केला. बायकोला सोडलं तर बाकीच्या बोलतील, म्हणून मी दुसरीकडे बघितलं. कुणाला सांगितलं नाही मी हे.

भाची: मामा, काचेची जागा मामीनंच दाखवली. काल, हॉस्पिटलमध्ये.

मामा: ...माझ्याबद्दल काही म्हणाली?

भाची: नाही. काहीच नाही.

मामा: मग यात माझी खुर्ची कुठंय, जिच्यावर बसून मी दुसरीकडे बघितलं ती? तीही काचेतून दिसेल अशी दाखव आधी. मग सही करतो.