त्र्याहत्तर टक्के

...नाही, तुम्हीच सांगा, माझं काय चुकलं? चाळीस वर्षांत गाडीला साधा ओरखडा नाही, आणि परवा जेवताना मुलगा म्हणतो, "बाबा, उद्यापासून छोटीला शाळेत सोडायला तुम्ही जाऊ नका, व्हॅन लावलीय." का? तर म्हणे साठीनंतर त्र्याहत्तर टक्के लोकांचं गाडी चालवताना लक्ष उडतं! बरं, म्हटलं, उरलेल्या सत्तावीसात मी का नाही? तर सून, "बाबा, प्रत्येकाला तसंच वाटतं!" शाळेच्या फाटकावर हेच छापलेला कागद, दवाखान्याच्या भिंतीवर तोच, न्हाव्याच्या तोंडीही तेच... त्र्याहत्तर टक्के!

अहो, तुम्हाला सांगतो, तो आकडा मी जन्माला घातलाय! मी! वाहतूक खात्यात पत्रकं काढायचो आम्ही. एकदा पाचला मजकूर छापखान्यात जायचा होता, आणि टक्क्यांची चौकट रिकामी. म्हटलं, "साहेब, पाहणी कुणी केलीच नाही." साहेब चष्मा पुसत म्हणाले, "मग चौकट रिकामी पाठवणार? घाला काहीतरी." मी सत्तर घातले. तर, "छे, सत्तर अंदाजपंचे वाटतात हो. त्र्याहत्तर करा, मोजल्यासारखं दिसतं!" केले! तेव्हा साठी ही दुसऱ्या कुणाला तरी येणारी गोष्ट होती...

हे सगळं मुलाला सांगितलं. त्यानं बायकोकडे पाहिलं, तिनं त्याच्याकडे. मग मला हळूच, आजाऱ्याशी बोलतात ना तसं, "बाबा, आकडा तुम्ही काढला असं कधीपासून वाटतंय तुम्हाला?" घ्या!

अहो, सकाळची ती पंधरा मिनिटं... मागच्या सीटवरून अखंड बडबड, मुंगीला गुडघे असतात का, आजोबा तुम्ही शाळेत रडायचात का... दिवसभरात माझ्याशी तेवढंच कुणी बोलतं हो! तेही गेलं, माझ्याच त्र्याहत्तर टक्क्यांत!

तडक साहेबांकडे गेलो. ब्याऐंशीचे आहेत, पण डोकं अजून तल्लख. म्हटलं, साहेब, चार ओळी लिहून द्या, आकडा आपण बसवला होता म्हणून. "बसवला?" साहेब ताडकन उठले. "अहो, सगळीकडे छापून येतो तो! मी स्वतः साठी लागली त्याच आठवड्यात गाडी विकली, ती काय उगाच?"

आता बोला! काय करता... घरी आलो, किल्ली सुनेच्या हातावर ठेवली. म्हटलं, घे बाई. एवढी माणसं म्हणतायत, काहीतरी तथ्य असेलच की.