तात्यांची खुर्ची कुठे होती

नाव व पत्ता वरच्या रकान्यात घेतला आहे. वय छत्तीस, काम चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवणे. मी आज पोलीस ठाण्यात आपण होऊन आले असून समक्ष सांगते ती हकीकत अशी:

घरी मी, माझे पती व सासूबाई असे तिघे राहतो. पती लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीत आहेत. कामावर ते फार काटेकोर. लिफ्टचा दरवाजा उघडा टाकून कोणी चहाला गेले तर त्या माणसाची खरडपट्टी काढतात व घरी येऊन ती मला पुन्हा ऐकवतात. यंदा त्यांनी जड मोटारसायकल घेतली. पुढचे चाक हवेत उचलून नुसत्या मागच्या चाकावर गाडी पळवणे, याला व्हीली म्हणतात. ते शिकायचे खूळ त्यांच्या डोक्यात शिरले. शिकवणारा त्यांचा मित्र. त्याचे फरशांचे दुकान आहे. सगळे त्याला कॅप्टन म्हणतात. कशाचा कॅप्टन ते मला माहीत नाही.

धोक्याचा विचार झालाच नव्हता, असे मी म्हणणार नाही. आमच्या स्वयंपाकघरात बसून, मी भांडी घासत असताना, तो अगदी खोलात जाऊन झाला. मागे कलंडलो तर मणक्याचे काय, म्हणून पाठीला कवच आले. गुडघ्यांना व कोपरांना वाट्या आल्या. हाडांचा कोणता डॉक्टर चांगला यावरही चर्चा झाली. मी विचारले, दुसऱ्या कोणाला लागले तर? कॅप्टन हसून म्हणाला, "वहिनी, तिथे दुसरं असतं कोण?"

तिथे म्हणजे लाकडाच्या बंद गोदामाच्या आवारात. तिथे तात्या असतात. ते गोदामाचे राखणदार, वय साठीच्या पुढे. फाटक उघडून देणारे, आवारातले खडे झाडून देणारे, या दोघांना पाण्याच्या बाटल्या भरून देणारे तेच.

गाडीला एक दोरी होती. तिचे एक टोक चालवणाऱ्याच्या मनगटाला व दुसरे इंजिन बंद करण्याच्या बटणाला असते. माणूस पडला की दोरी ओढली जाते व इंजिन तिथल्या तिथे बंद पडते. पण पती मागे रेलले की दोरी ताणली जाई, इंजिन बंद पडे व पुढचे चाक धाडकन आपटे. व्हिडिओत ते वाईट दिसते, असे कॅप्टनचे म्हणणे पडले. त्यामुळे दोरी सोडून हँडलला गुंडाळण्यात आली. पाठीचे कवच, वाट्या, हेल्मेट, सगळे अंगावर राहिले. दुसऱ्याच्या कामी येईल अशी ती एकच वस्तू होती व तेवढीच काढली.

रविवारी सकाळी मी तिथे होते, कारण चित्रण माझ्या फोनवर करायचे होते. मी भिंतीलगत उभी होते. गाडी गोदामाच्या दाराकडून फाटकाच्या दिशेने यायची. कॅप्टनने तात्यांच्या हातात शिटी दिली व त्यांची खुर्ची उघड्या फाटकाच्या तोंडाशी, रस्त्याकडे तोंड करून मांडली. पोलीस किंवा मालक दिसले तर वाजवायची. खुर्ची गाडीच्या थेट रेषेत होती. हे मी बोलून दाखवले. पतींनी हेल्मेटच्या आतून काहीतरी उत्तर दिले, ते मला ऐकू आले नाही.

आधी चाक थोडे थोडे उचलले. मग कॅप्टन "अजून दे" म्हणाला. पतींनी क्लच झटक्यात सोडला व चाक फार वर गेले. अशा वेळी मागचा ब्रेक दाबला की चाक खाली येते, हे त्यांना तोंडपाठ होते. पाय ब्रेकवर नव्हता. ते मागे घसरून जमिनीवर बसले. गाडी दोन्ही चाकांवर आली आणि एकटीच फाटकाकडे गेली. इंजिन चालूच होते. तात्यांची पाठ आमच्याकडे होती, कारण त्यांना तसेच बसवले होते.

तात्यांचे कंबरेचे हाड व एक पाय मोडला. ते शुद्धीवर होते. मी जवळ बसले तेव्हा म्हणाले, "मी रस्त्याकडेच बघत होतो, बाई." काम नीट केले नाही असे कोणी म्हणेल, याची त्यांना भीती वाटत होती.

रुग्णवाहिकेला फोन मी केला. तोपर्यंत कॅप्टनने गाडी उभी करून तिच्या टाकीवर पोचा आला का ते पाहिले. मग त्याने मोडकी खुर्ची उचलली व आवाराच्या मधोमध नेऊन टाकली. मला म्हणाला, "विचारलं तर सांगा, म्हातारा मधेच येऊन बसला."

पती व कॅप्टन यांनी जबाबात तसेच सांगितल्याचे कळते. त्यावरून मालकाने तात्यांना कामावरून काढले व उपचाराच्या बाबतीत हात वर केले, असे तात्यांच्या मुलीने मला सांगितले. सासूबाईंचे म्हणणे, घरच्या माणसाच्या विरोधात जाऊ नये. मी काचा बसवणारी बाई आहे. जे दिसले ते दिसले.

पतींचे मनगट मोडले आहे. हॉस्पिटलात प्लास्टर घालून झाल्यावर त्यांनी तात्यांची चौकशी केली नाही. फोन मागितला. चित्रण पाहिले, परत पाहिले व चाक सर्वांत वर आहे तिथे थांबवले. म्हणाले, "बघ, कुठवर गेलंय. यापुढचं काढून टाक."

यापुढचे म्हणजे तात्या. मला त्या माणसाची किळस आली. मी काही काढलेले नाही. फोन हजर करत आहे. पतीवर गुन्हा दाखल होऊ शकतो हे मला समजावून सांगण्यात आले व ते मला समजले आहे.

लिहिलेले मला मोठ्याने वाचून ऐकवले, मी सांगितले तसेच उतरले आहे. सही करण्याआधी हवालदारांनी सांगितले की, तो प्लास्टरचा हात घेऊन बाहेर बाकावर बसला आहे, मला घरी न्यायला आला आहे. मला त्याच्याबरोबर जायचे नाही, हेही लिहून घ्यावे.