वळणावरचा हॉर्न

बाबा वारले तरी त्यांचा ट्रक दारात उभा असेपर्यंत आई त्यांची वाट पाहणं सोडणार नव्हती, म्हणून मयुरी तो घुग्घुसच्या भंगारात देऊन बसने गावी परतत होती. मागच्या बाकावर एक म्हातारी शेजारच्या तरुणाला खोदून विचारत होती.

“सायलेन्सरले तारा काऊन बांधल्या, बाबू?”

“वाद्य हाये, आजी. रस्त्याचं संगीत वाजवतो मी याच्यावर.”

“रस्त्यानं का कमी कान किटवले? अन् हा हॉर्न?”

“आजच घुग्घुसच्या भंगारातून घेतला. जोडला नाई अजून.”

गावाच्या वळणावर हॉर्न वाजला. दोनदा आखूड, एकदा लांब.

“जोडला नाई म्हणे!”

“आईशप्पथ आजी, हातबी नाई लावला मी!”

मयुरीचा फोन वाजला. आई होती.

“पोरी, वळणावर तुह्या बाबाचा हॉर्न ऐकला मी. भात किती जणाचा टाकू?”