भरपूर पाणी प्यायला सांगा

तुम्ही हसाल, पण माझ्या बोलण्यावर कुणी टाळ्या वाजवल्या की मला आता भीती वाटते.

दिल्लीहून फार्मसी शिकून आले आणि पहिलंच भाषण अंबाजोगाईला, औषध दुकानदारांच्या प्रशिक्षणात. मी आवेशात म्हणाले, "दुखण्याच्या गोळ्या रोज घेतल्या आणि उन्हात पाणी कमी प्यायलं, तर किडन्या निकामी होऊ शकतात. गिऱ्हाइकाला भरपूर पाणी प्यायला सांगा!" जोरदार टाळ्या पडल्या.

चहाच्या वेळी नेकनूरचे दुकानदार नामदेवकाका जवळ आले.

"ताई, यंदा दुष्काळ, निम्मं गाव ऊसतोडीला चाललंय. टोळीचा मुकादम सकाळीच टोळीतल्या बायांसाठी सहा महिन्यांच्या दुखण्याच्या गोळ्या घेऊन गेला. दर साली मीच देतो."

मी म्हणाले, "फोन लावा, काका!"

त्यांनी फोन स्पीकरवर टाकला. मुकादम म्हणाला, "गोळ्या वाटून झाल्या, काका. ट्रक सहकारी कारखान्याच्या रस्त्याला लागला."

"मग बायांना पाणी तरी लई पाजत जा रं."

तो हसला. "बाया दिवसभर पाणीच पीत न्हाईत. प्यायलं की आडोशाला जावं लागतं. तोडलेल्या फडात आडोसा कुठं हाय?"

फोन बंद झाला.

तेवढ्यात संयोजक हसत आले. "मॅडम, दुपारच्या तुकडीला पण हेच सांगा. पाण्याचं लई आवडलं लोकांना."