आबांचा फेटा कुणाला बांधला

माझे वडील, आबा, कोल्हापूरचे पैलवान. त्यामुळे पैलवान कशाला म्हणतात, हे मला कुणी शिकवायला येऊ नये!

दोन हजार चारच्या सुमारास इकडे परदेशात, मनुरेवा नावाच्या उपनगरात आमच्या शेजारी एक इंग्रज कुस्तीगीर राहायला आला. पहिल्यांदा भेटायला आला तो दारातून वाकूनच आत शिरला. बैलासारखी मान, मोडून भजी झालेले कान. हसला, तर दात सगळे वेडेवाकडे.

नात कुजबुजली, “आजी, इंग्लिश लोकांचे टीथ असेच असतात.”

मी म्हटलं, “हा नुसता टीव्हीवरचा पैलवान. दातांनी ऊस सोलला, तर आबांचा फेटा बांधीन याला.” तो फेटा मी जावयालासुद्धा दिला नव्हता.

कार्टीनं त्याला लगेच इंग्रजीत सांगितलं! त्यानं ओट्यावरचा ऊस उचलला, दात रोवले आणि टराटरा साल ओढली. अख्खा ऊस सोलला, वर पहिलं पेर मलाच दिलं.

शब्द म्हणजे शब्द. ट्रंक उघडून फेटा काढला. माझा हात त्याच्या डोक्यापर्यंत पोचेना, तसा तो डोंगर माझ्यापुढे गुडघ्यांवर बसला.

“पण आजी, टीथ किती क्रूकेड!”

“वाकडे असले तरी त्याचे आहेत. माझे बघ किती सरळ, आणि उसाला भिऊन वाटीत बसलेत.”