टोपीखालचा डोळा

“काकू, थेंब मुरेपर्यंत डोळे उघडायचे नाहीत,” असं नर्सनं बजावलं होतं, म्हणून काकू दवाखान्याच्या बाकावर डोळे मिटून नामस्मरण करत बसल्या होत्या. शेजारी मायलेकी बोलत होत्या, आणि कान काही मिटता येत नाहीत.

“लेन्स घालून समुद्रात उतरलीस? त्यानंच डोळ्याला जखम झाली ना?”

“त्याशिवाय पोवळी दिसत नाहीत गं आई. आणि माझा सगळा अभ्यास पोवळ्यांचाच.”

“म्हणून व्हिडिओ कॉलवर टोपी डोळ्यावर ओढून बसायचीस. मला वाटलं, बेटावरची फॅशन.”

“सांगितलं असतं तर बाबांनी दुसऱ्याच दिवशी परत बोलावलं असतं.”

“आता तर पाठवतच नाही म्हणताहेत. डोळा गेला तर पदवी काय चाटायची?”

“आणि नाही गेला तर?”

“तर मी स्वतः तुला विमानात बसवीन. त्यांच्याशी मी बोलेन.”

“तू? बाबांशी?”

“हसू नकोस, डोळ्याला ताण पडेल.”

दार उघडलं. डॉक्टरीणबाईंचा आवाज आला.

“रिपोर्ट छान आहे. जखम भरलीय, नजर शाबूत आहे. फक्त लेन्स घालून पाण्यात उतरायचं नाही. पोहण्यासाठी नंबरचा गॉगल करून घे.”

“म्हणजे परत जाऊ मी?”

“खुशाल जा.”

मग कुणीतरी नाक ओढलं.

“आई, आता कशाला रडतेस?”

“रडत नाहीये. पर्स धर जरा.”

“कुठे निघालीस?”

“जिन्यात. इथे रेंज नाही.”

चपलांचा आवाज दाराबाहेर गेला, मग जिन्यातून आईचा आवाज आला.

“अहो, कामात आहात का? मग जरा बसून ऐका.”